राजाराम महाराज आणि ताराराणी: विजोड संसार रंगमंचावर कसा उभा करावा?

विंगेतून (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे. थोडं भांडण झालं तरी चालेल.

आमच्या पेठेतल्या हौशी संस्थेनं छत्रपती राजाराम महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्यावर दोन अंकी नाटक घेतलंय. संहिता नवी आहे, नाव ठरायचंय, दिग्दर्शन माझ्याकडे आहे. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, तेव्हापासून आमच्यासारख्यांना मोठा रंगमंच मिळणं अवघड झालंय. तरी मुलं नेटानं तालमीला येतात. पहिला अंक कसाबसा बसला. दुसरा बसत नाही. अडचण नेपथ्याची नाही, पैशांची आहे पण ती कायमचीच. अडचण आहे राजाराम महाराजांची.

संहितेत ते कसे आहेत बघा. पहिल्या प्रवेशात आजारी. दुसऱ्यात आजारी आणि घाबरलेले. तिसऱ्यात तमिळनाडूतल्या जिंजी किल्ल्याकडं निघताना त्यांचा पाय निघत नाही, आणि ताराबाई त्यांच्या हातात तलवार देतात. पुढं प्रत्येक प्रवेशात बाई बोलतात, महाराज ऐकतात. ती वाघीण, तो शेळी, आणि संसार विजोड, एवढंच सगळं. टाळ्या पडतील याची मला खात्री आहे. तरी मला हे पटत नाही.

कोल्हापुरात ताराराणी कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. कावळा नाक्यावर घोड्यावरचा पुतळा आहे, ताराबाई पार्क आहे, देवळाजवळ ताराबाई रोड आहे. पण राजाराम म्हटलं की लोकांना कॉलेज आणि राजारामपुरी आठवते, आणि ती नावं तर कोल्हापूरच्या गादीवर नंतर आलेल्या राजारामांची. शिवरायांचा धाकटा मुलगा, ज्यानं १६८९ ते १७०० हा सगळ्यात वाईट काळ अंगावर घेतला, तो आपल्या बोलण्यात फारसा येतच नाही. आला तर 'ताराराणींचे पती' म्हणून येतो.

माझा प्रश्न असा: हा संसार खरंच विजोड होता का? असला तर नेमका कशात? बायको मोठी दाखवायची म्हणून नवरा लहान करायलाच हवा का?

तिसरी घंटा

ताई, धागा काढलात ते बरं झालं. बाकीच्यांसाठी सांगतो, राजारामाची भूमिका मीच करतोय.

मला त्या माणसात शिरायला जागाच सापडत नाही. पहिल्या अंकात माझी वाक्यं मोजकी आहेत, त्यातली बरीचशी 'आता काय होणार?' याच धर्तीची. खोकायचं, बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. ताराबाई करणारी मुलगी अप्रतिम काम करते, पण तिचीसुद्धा तीच तक्रार आहे. समोर कुणी उभंच नसेल तर ती भांडणार कुणाशी? ती वाक्य फेकते आणि ते माझ्यावर आपटून खाली पडतं. आवाज चढवून प्रवेश वर न्यावा लागतो तिला.

पन्हाळ्याचा वारा

शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून आधी नाती आणि सनावळ्या मांडतो. नाटकवाल्यांनी यांच्याकडं नीट पाहिलं तर निम्मं काम होईल.

राजाराम महाराजांचा जन्म फेब्रुवारी १६७० चा. ताराबाई १६७५ च्या. त्या सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, तळबीडच्या. राजारामांच्या आई सोयराबाई या हंबीररावांच्या सख्ख्या बहीण. म्हणजे ताराबाई राजारामांच्या मामाची मुलगी. आपल्याकडं असं लग्न नवीन नाही.

आता यातलं नाट्य बघा. ३ एप्रिल १६८० ला शिवराय गेले. सोयराबाईंनी आणि काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. संभाजीराजे त्या वेळी पन्हाळ्यावर होते. हंबीररावांनी कुणाची बाजू घेतली? सख्ख्या बहिणीची नाही, भाच्याचीही नाही. ते शंभूराजांच्या बाजूनं उभे राहिले, मंत्र्यांना पकडून पन्हाळ्यावर आणलं. जूनमध्ये शंभूराजांनी रायगड ताब्यात घेतला. राजाराम नजरकैदेत गेले. १६८१ मध्ये सोयराबाई गेल्या. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत ज्या मामानं आईचा डाव मोडला, त्याच मामाची मुलगी राजारामांना बायको म्हणून आली.

तुमच्या संहितेत हे आहे का? नसेल तर विजोडपणा तुम्ही भलतीकडंच शोधताय.

विंगेतून

सर, नाही. संहिता १६८९ पासून सुरू होते. लग्नाचा उल्लेख एका वाक्यात आहे, 'हंबीररावांची लेक मी' असं त्या तिसऱ्या प्रवेशात म्हणतात आणि टाळी घेतात. ते वाक्य महाराजांच्या कानाला कसं लागत असेल याचा विचार लेखकानं केलेला नाही, आणि मीही तालमीत त्यावर कधी थांबले नाही. आज रात्री थांबणार.

आक्का मंगळवार पेठ

मी काय शिकलेली न्हाई एवढी, पण नाटकं लई बघितल्यात. केशवराव भोसलेला पॅलेस थेटर म्हणायचे तवापासनं आमच्या घरात नाटकाचा नाद. माझा सासरा खासबागेत कुस्ती बघून तसाच शेजारी नाटकाला जाऊन बसायचा.

मला एक सांगा. बाई हुशार असली म्हंजे नवरा खुळाच असतोय का? आमच्या पेठेत बघा की. घर चालवणाऱ्या बायका किती हायत, आणि त्यांचे नवरे काय सगळे निकामी हायत व्हय? न्हाईत. काही जण गप असत्यात कारण त्यांला ठावं असतंय की ही माझ्यापेक्षा बरं बघती. गप बसायलाबी दम लागतोय. त्यो दम दाखवा नाटकात.

आणि त्या पोराला खोकायला लावू नका बाई. खोकल्यावर नाटक चालत न्हाई.

गॅसबत्ती

हा साचा कुठून आला त्याबद्दल थोडं. आपल्या ऐतिहासिक नाटकात महत्त्वाकांक्षी बायको आणि डळमळीत नवरा ही जोडी फार जुनी आहे. १९०९ सालचं खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' घ्या, राघोबा आणि आनंदीबाई. ती जोडी इतकी पक्की बसली की पुढं कुठलीही कर्ती राणी किंवा सरदारीण लिहायची झाली की लेखकाचा हात आपोआप तिकडं वळतो. आनंदीबाईंच्या जागी सद्गुणी बाई घातली, कारस्थानाच्या जागी देशप्रेम घातलं, पण नवरा राघोबाच राहिला. राजाराम महाराजांवर हा अन्याय होतोच. ताराबाईंवरही होतो, कारण मग त्यांचं सगळं कर्तृत्व नवऱ्याच्या नालायकीतून जन्मलेलं वाटायला लागतं.

खाफीखान मुघलांच्या बाजूनं लिहिणारा. तोही सांगतो की नवरा जिवंत असतानाच या बाईच्या मुलकी आणि लष्करी कारभारातल्या समजेची ख्याती झाली होती. नवरा जिवंत असतानाच. याचा अर्थ काय घ्यायचा? कुणीतरी तिला कारभार बघू दिला, तिचं ऐकलं, तिच्या सल्ल्यानं चाललं. सतराव्या शतकातला राजा हे करतो तेव्हा त्याला दुबळा म्हणायचं की शहाणा, हे दिग्दर्शकानं ठरवायचं.

कापशीकर

थोडा विरोधी सूर लावतो. राजाराम महाराजांना एकदम देव्हाऱ्यात बसवू नका.

मी सेनापती कापशीच्या बाजूचा. आमच्याकडं संताजी घोरपड्यांचं नाव घेतल्याशिवाय राजारामांचं नाव निघत नाही. ज्या माणसानं मुघल फौजांची झोप उडवली, त्याच्याशी महाराजांचं बिनसलं. सेनापतिपद काढून धनाजीरावांना दिलं, आणि १६९७ मध्ये संताजींचा खून झाला. शेवटी शत्रूशी लढताना नव्हे, आपल्याच वैराला बळी पडून गेला तो माणूस. राजानं हे थांबवायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

वतनांचंही तेच. शिवरायांनी वतनदारीला आळा घातला होता, राजारामांनी हात सैल सोडला. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या सनदेत तर दिल्ली घेतली की काय मिळेल तेही ठरवून दिलं होतं. स्वतः जिंजीच्या वेढ्यात बसलेला राजा दिल्लीच्या बदल्यात वतन कबूल करतो! कुणी याला स्वप्न म्हणेल, कुणी उधळपट्टी.

म्हणून म्हणतो, दुबळे नसतील, पण चुकणारे होते. चुका दाखवा, भूमिका उभी राहील.

तिसरी घंटा

कापशीकर दादा, मला नेमकं हेच हवं होतं. मला निर्दोष राजा नकोय. वेढ्यात बसून दिल्लीची सनद देणारा माणूस मला दिसला, आणि तो खोकत नव्हता. तो ताठ बसून शिक्का उमटवत होता. काल तालमीत मी तसं बसून बघितलं. ताराबाई करणारी मुलगी वाक्य विसरली, कारण तिला समोर वेगळाच माणूस दिसला.

जिंजीची वाट

मी जिंजी पाहून आलेय, म्हणून जागेबद्दल लिहिते. तुमच्या नेपथ्याला उपयोग होईल.

तमिळनाडूत विलुप्पुरम जिल्ह्यात आहे. तीन डोंगर, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी, त्रिकोणात उभे, आणि तिघांना जोडणारी लांबच लांब तटबंदी. डोंगर म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखे नव्हेत. मोठमोठे उघडे गोल दगड एकावर एक रचल्यासारखे, पायाला झाडाची सावली नाही. खाली कल्याण महाल, कोठारं, तळी. राजगिरीच्या माथ्यावर जायला शेवटी एक खोल फट ओलांडावी लागते, तिच्यावर पूल आहे. पूल काढला की वर कुणी येऊ शकत नाही, आणि खाली कुणी जाऊही शकत नाही. पन्हाळा आणि जिंजी हे दोन्ही किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत एकत्रच गेले, त्यामुळं आता तिकडं जाणारी आपली माणसं वाढतील.

पन्हाळ्याच्या ढगातून, पावसातून गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा त्या तापलेल्या दगडात आठ वर्षं राहिला. भाषा वेगळी, पाणी वेगळं. मुघल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा कधी आवळलेला, कधी सैल. तिथं उभं राहिल्यावर मला त्या जोडप्याबद्दल एकच गोष्ट जाणवली: हे दोघं एकत्र राहिलेच किती?

१६८९ च्या सप्टेंबरमध्ये महाराज वेश बदलून पन्हाळ्याहून निघाले. केळदीच्या राणी चेन्नम्मांनी वाटेत आसरा दिला, नोव्हेंबरात जिंजीला पोचले. राण्या मागं राहिल्या. त्या जिंजीला पोचल्या १६९४ मध्ये. १६९७ च्या अखेरीला महाराज जिंजीतून निसटले, तेव्हा कुटुंब पुन्हा मागंच. किल्ला पडल्यावर त्यांची सुटका झाली. आणि १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर महाराज गेले. स्वभाव जुळला की नाही हे कळायलासुद्धा माणसं एका छपराखाली असावी लागतात.

पन्हाळ्याचा वारा

जिंजीच्या वाटेनं फार महत्त्वाचं सांगितलं. त्यात वयं घालून बघा. १६८९ मध्ये महाराज एकोणीसचे, ताराबाई चौदाच्या. पुन्हा भेटल्या तेव्हा ते चोवीसचे, त्या एकोणीसच्या. मधली पाच वर्षं ताराबाईंनी विशाळगडावर काढली, रामचंद्रपंत अमात्यांच्या नजरेखाली. सगळा मुलूख अमात्य आणि शंकराजी नारायण सांभाळत होते. गड राखायचे, पैसा उभा करायचा, फितूर झालेल्याला परत ओढायचं. ही सगळी धावपळ एका चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलीनं जवळून पाहिली. जिंजीला जी पोचली ती महाराजांनी पन्हाळ्यावर निरोप दिलेली मुलगी नव्हतीच.

तुमची ताराबाई पहिल्या प्रवेशापासून पस्तिशीच्या बाईसारखी गर्जत असेल तर हे सगळं वाया जातं.

गॅसबत्ती

जिंजीतल्या त्या भेटीचा प्रवेश लिहा! पाच वर्षांनी भेटलेले नवरा-बायको, दोघांनाही एकमेकांची ओळख नव्यानं करून घ्यायची आहे, आणि बाहेर वेढा. याहून मोठं काय हवं?

कागलची लेक

सगळे दोघांबद्दलच बोलताय. तिसरी कुठाय?

राजसबाई कागलच्या घाटग्यांच्या. त्याही जिंजीला होत्या. १६९६ मध्ये ताराबाईंना शिवाजी झाला, १६९८ मध्ये राजसबाईंना संभाजी. राजाच्या लग्नात विजोडपणा बघायचा असेल तर तो दोघांत कसा बघणार, तिथं तर चार राण्या होत्या. पहिल्या जानकीबाई प्रतापराव गुजरांच्या. धाकट्या अंबिकाबाई महाराजांच्या मागं विशाळगडावर सती गेल्या असं सांगतात. ताराबाई गेल्या नाहीत, त्यांनी मुलाला गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी लढल्या.

आणि कोल्हापुरात बसून नाटक करताय तर पुढचंही लक्षात ठेवा. १७१० मध्ये ताराबाईंनी पन्हाळ्यावर आपली वेगळी गादी उभी केली, पण १७१४ मध्ये राजसबाईंनी ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकून आपल्या संभाजीला गादीवर बसवलं. आपण पुतळा ताराराणींचा उभा केला, पण इथली गादी राजसबाईंच्या मुलाकडं गेली. आम्हा कागलकरांना राजसबाई नाटकात नुसती जळकी सवत म्हणून आली की फार लागतं. तिलाही मुलगा होता, तिनंही जिंजीचा वेढा भोगला होता.

विंगेतून

कागलच्या ताई, आमच्या संहितेत राजसबाई दोन वेळा येतात आणि दोन्ही वेळा पडद्याआडून ऐकतात. मी ते आता तसं ठेवणार नाही.

पन्हाळ्याचा वारा

आता मुख्य गोष्ट. ती मी मुद्दाम मागं ठेवली होती, कारण आधी माणसं दिसायला हवी होती.

राजाराम महाराजांचं १६९७ चं एक पत्र आहे, शंकराजी नारायणांना लिहिलेलं. आशय असा की राज्याचा मूळ अधिकारी शाहू, तो कैदेतून सुटून आला की राज्य त्याचं. शाहू म्हणजे शंभूराजांचा मुलगा, रायगड पडल्यावर १६८९ मध्ये आई येसूबाईंसह मुघलांच्या कैदेत गेलेला. पत्राच्या वेळी तो पंधरा वर्षांचा. आणि ताराबाईंचा शिवाजी तेव्हा जेमतेम वर्षाचा, त्याच जिंजीत.

नवरा म्हणतो, आपण हे राज्य पुतण्यासाठी राखतोय. पुढं बायकोनं काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. १७०७ मध्ये शाहू सुटून आले, ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही, आणि शेवटी १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर कायमचे वेगळे झाले. आपल्या कोल्हापूर संस्थानाच्या जन्मामागं ही गोष्ट आहे.

एकाला वाटतं आपण गादीचे राखणदार. दुसरीला वाटतं, ज्यांनी राखली गादी त्यांची. दोघंही आपापल्या जागी बरोबर. माझ्या मते हा संसार इथं विजोड होता. धाडस, हिंमत, बुद्धी यात दोघं एकमेकांना पुरून उरणारे होते.

आक्का मंगळवार पेठ

गुर्जी, ह्ये वाचून अंगावर काटा आला. आईच्या मनाचं बी बरोबर आणि त्यांचं बी बरोबर. आता करा नाटक.

विंगेतून

सर, तुमचं वाचून लेखकाला फोन केला. तो आधी चिडला, मग रात्रभर बसला. सकाळी हा प्रवेश पाठवला. त्याच्या परवानगीनं इथं टाकते. पत्राचा आशय तेवढा इतिहासातला, शब्द सगळे नाटकातले.

*(जिंजी. राजगिरीखालचा महाल. लांबून तोफेचा आवाज, कुणी दचकत नाही. राजाराम उभ्यानं मजकूर सांगताहेत, चिटणीस लिहितो आहे. ताराबाई येतात, कडेवर मूल.)*

राजाराम: ...ते सुटून आले, म्हणजे राज्य त्यांचे. आम्ही राखतो आहोत ते त्यांच्याकरिता...

ताराबाई: चिटणीस, थांबा.

राजाराम: लिहू द्या त्यांना.

ताराबाई: पत्र कुणाला?

राजाराम: शंकराजीपंतांना.

ताराबाई: मग पंतांना हेही कळवावं. ज्या राज्याचा धनी बादशहाच्या छावणीत वाढतोय, त्या राज्याचे गड माणसं उपाशी राहून राखताहेत. मी बघून आलेय. विशाळगडावर पंतांनी स्वतःच्या घरातलं धान्य मोजून दिलेलं बघितलंय मी.

राजाराम: म्हणूनच लिहितोय. त्यांना कळायला हवं ते कुणासाठी उपाशी आहेत.

ताराबाई: आणि हा? *(मुलाकडे बघून)* हा कुणाचा कोण?

राजाराम: माझा मुलगा. एवढंच राहू द्या त्याला. *(थांबून)* राणीसाहेब, मी दहा वर्षांचा होतो तेव्हा मला गादीवर बसवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. दोन महिन्यांत उतरवलं, तेव्हाही विचारलं नाही. उतरवणाऱ्यांत तुमचे वडील होते.

ताराबाई: ते न्यायाच्या बाजूनं उभे राहिले होते.

राजाराम: होते. मी कधी नाही म्हटलंय? मामा बहिणीविरुद्ध उभे राहिले, थोरल्याचा हक्क होता म्हणून. आज तोच हक्क शाहूचा आहे. हंबीररावांच्या लेकीला मी हे समजावून सांगायचं?

*(ताराबाई बोलत नाहीत. तोफ. मूल रडतं. राजाराम हात पुढे करून मुलाला घेतात.)*

ताराबाई: आणि तो सुटलाच नाही तर? सुटला आणि बादशहाचा मांडलिक होऊन आला तर?

राजाराम: तेव्हा मी नसेन कदाचित. तुम्ही असाल.

ताराबाई: मग हे पत्र मला बांधून ठेवणार?

राजाराम: मला बांधून ठेवतंय. चिटणीस, लिहा.

तिसरी घंटा

ताई, काल रात्री हे वाचल्यापासून झोप नाही. 'उतरवणाऱ्यांत तुमचे वडील होते' हे वाक्य मी रागानं बोलून बघितलं, रडवेलं बोलून बघितलं, दोन्ही खोटं वाटलं. साधं बोललो, मुलाच्या अंगावरचं दुपटं सारखं करता करता, तेव्हा जमलं. त्या माणसानं हे मनात सतरा वर्षं ठेवलंय, त्याला आता त्याचा आवाज करायची गरज नाही.

कापशीकर

झकास. याच प्रवेशात संताजींच्या मृत्यूची सावली पाहिजे. सालही तेच आहे, १६९७. बाहेर सेनापती गेलाय, आत राजा न्यायाच्या गोष्टी करतोय. ताराबाईंनी एक वाक्य तरी विचारावं की न्याय फक्त गादीपुरता असतो का. महाराजांना त्याचं उत्तर नसावं.

विंगेतून

कापशीकर दादा, हे घेतलं. चिटणीस बाहेर गेल्यावर त्या विचारतील, त्याच्यासमोर नाही.

गॅसबत्ती

प्रवेश चांगला आहे, पण 'तुम्ही असाल' हे मला गोड वाटतं. पुढं त्या काय करणार हे प्रेक्षकाला माहीत आहे, म्हणून महाराजांच्या तोंडी आशीर्वाद घातल्यासारखं होतं. त्यांनी असा आशीर्वाद दिला नसता. पत्र तर त्याच्या उलट आहे.

जिंजीची वाट

मला नाही गोड वाटलं. त्यात भीती आहे. तो ओळखून आहे की आपण गेल्यावर ही ऐकणार नाही, आणि तिनं ऐकलं नाही म्हणूनच राज्य वाचेल. दोन्ही एकाच वेळी. प्रकाश महाराजांवर न ठेवता ताराबाईंवर ठेवला तर तो आशीर्वाद वाटणार नाही.

पन्हाळ्याचा वारा

शेवट कुठं करताय? माझं मत, १७१४ पर्यंत न्या. राजसबाईंच्या कैदेत ताराबाई आणि त्यांचा मुलगा, तिथं ते पत्र पुन्हा आठवावं. त्याशिवाय प्रेक्षकाला विजोडपणाची किंमत कळणार नाही.

विंगेतून

सर, यावर बराच विचार केला. नेणार नाही. १७१४ मध्ये राजाराम महाराज नाहीत. तिथपर्यंत गेलो की नाटक पुन्हा एकट्या ताराबाईंचं होतं, आणि ते तर आधीच चांगलं चालतंय. मी सिंहगडावर, मार्च १७०० मध्ये थांबते. महाराज तिशीत, ताराबाई पंचविशीच्या आसपास. शेवटच्या प्रवेशात राजसबाईही आहेत, दोन वर्षांच्या मुलासकट, पडद्याआड नाहीत. महाराज दोन्ही मुलांना बघतात, शाहूचं नाव घेतात. दोन्ही आया ऐकतात, आणि दोघीही हो म्हणत नाहीत. एवढंच लिहायला सांगितलंय.

कागलच्या ताई, राजसबाईंचं तिथं एक स्वगत हवं असं लेखकाचं म्हणणं आहे. मला स्वगत नको, एकच वाक्य हवं, ताराबाईंना उद्देशून. तुम्ही लिहून बघाल का? घरातल्या मोठ्या जावेशी बोलतात तसं, मान ठेवून, पण न वाकता.

कागलची लेक

बघते. सवतीशी अहो-जाहो करतानाही किती लांबचं बोलता येतं ते आमच्या आजीनं दाखवलंय. उद्यापर्यंत दोन-तीन पाठवते, तुम्हीच निवडा.

आक्का मंगळवार पेठ

वाचन कवा हाय? मी येणार. म्होरल्या रांगंत जागा ठेवा, ऐकू कमी येतंय.

विंगेतून

आक्का, रविवारी संध्याकाळी, तालमीच्या जागीच. पत्ता निरोपात पाठवते. कापशीकर, तुम्हीही या. संताजींचं ते वाक्य तुमच्यासमोर वाचून बघायचंय.